स्टँडर्ड फेल गेलं, आता?

रन संपतो, पडद्यावर कर्व्ह उमटतो आणि आठ स्टँडर्डपैकी एकापुढे लाल आकडा येतो. वीस नॅनोग्रॅमचं स्टँडर्ड २४.६ दाखवतंय. त्याच्यामागून शंभरेक नमुने इंजेक्ट होऊन गेलेले असतात, सकाळी निकाल द्यायचा असतो आणि हात आपसूक माउसकडे जातो. हे एक काढून बघू. नाहीतर परत एकदा इंजेक्ट करून बघू. माउसला हात लावण्याआधी काय करायचं, कोणतं स्टँडर्ड काढता येतं, कोणतं येत नाही आणि अख्खा रन कधी सोडून द्यायचा, एवढंच इथं सांगायचं आहे.

सांगायचं आहे ते दोन प्रकारच्या वाचकांना. उमरखेड, पुसद, महागाव, हदगाव या पट्ट्यातून बी.फार्म. किंवा एम.एस्सी. करून हैदराबाद, पुणे, नवी मुंबईच्या बायोॲनालिटिकल लॅबमध्ये लागलेली किंवा लागू पाहणारी मुलं-मुली हे पहिले. डीएमएलटी करून गावातच तपासणी केंद्र चालवणारे दुसरे. यंत्रं वेगळी, पगार वेगळे, पण अडचण तीच: ज्याच्यावरून मोजायचं तेच चुकलं, तर मोजलेल्याचं काय?

विषय परका वाटत असेल तर २०१७ आठवा. त्या वर्षीच्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात पिकावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑरगॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं शरीरातलं कोलिनेस्टरेज हे एन्झाइम बंद पाडतात. रक्तातलं त्याचं काम मोजलं की विषबाधेचा अंदाज येतो. ही तपासणी जिल्ह्यात वेळेवर मिळत नाही, अशी तक्रार तेव्हा वारंवार झाली. तपासणी नसणं वाईटच. पण बिघडलेल्या कॅलिब्रेशनवर केलेली तपासणी मला त्याहून धोक्याची वाटते. तपासणी नसली तर डॉक्टर रुग्णाच्या बाहुल्या बघतो, घाम बघतो, लाळ बघतो. छापील आकडा हातात आला की तो आकडा बघतो.

नियम काय म्हणतो

आधी मोठ्या लॅबचं बघू, कारण नियम तिथे नीट लिहिलेले आहेत. औषध नसलेल्या प्लाझ्मात ठरावीक मात्रेत औषध घालून स्टँडर्ड बनवतात. प्रत्येकात सारखाच इंटर्नल स्टँडर्ड टाकतात, एलसी-एमएसवर दोघांच्या पीकचं गुणोत्तर काढतात आणि त्या बिंदूंतून रेषा बसवतात. मग प्रत्येक स्टँडर्डचा आकडा त्याच रेषेवरून उलटा काढून बघतात. घातलं होतं वीस, रेषा म्हणते २४.६, म्हणजे २३ टक्के जास्त.

किती फरक चालतो याची पहिली मोठी सहमती १९९० मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियातल्या क्रिस्टल सिटीच्या परिषदेत झाली. अमेरिकेच्या एफडीएने २००१ मध्ये आणि सुधारून २०१८ मध्ये मार्गदर्शिका काढली. मे २०२२ मध्ये आयसीएच या औषध नियामकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेची एम-१० मार्गदर्शिका मंजूर झाली आणि आता परदेशात फाइल जाणाऱ्या बहुतेक अभ्यासांत तिचाच दाखला देतात. क्रोमॅटोग्राफीसाठी तिचा गाभा असा: किमान सहा पातळ्या हव्यात, स्टँडर्डपैकी किमान ७५ टक्के त्यांच्या मूळ किमतीच्या १५ टक्के आत-बाहेर बसले पाहिजेत, सर्वांत खालच्या स्टँडर्डला, म्हणजे एलएलओक्यूला, २० टक्क्यांची सवलत. एलायझासारख्या लायगंड बाइंडिंग पद्धतींना थोडी ढील आहे: २० टक्के, आणि दोन्ही टोकांना २५.

यात दोन अटी आहेत आणि दोन्ही एकाच वेळी पाळायच्या आहेत, इथेच नवी मुलं अडखळतात. आठ पातळ्या असतील तर दोन गेली तरी सहा उरतात, ७५ टक्केही भरतात. सात असतील तर एकच जाऊ शकतं. दुसरं गेलं की सहाची अट मोडते. सहाच ठेवली असतील तर एकही जाऊ शकत नाही. म्हणून प्लाझ्मा आणि वेळ वाचवायला सहा पातळ्यांचा कर्व्ह ठेवणाऱ्या लॅबचं मला कौतुक वाटत नाही. दोन नळ्या वाचवायच्या आणि महिन्यात दोन रन गमवायचे, यात बचत कसली?

नियमात न बसलेलं स्टँडर्ड काढायचं आणि उरलेल्यांवर रेषा पुन्हा बसवायची. 'काढता येईल' असं नाही. नापास झालं तर ते कर्व्हमध्ये ठेवता येत नाही. आणि पास झालं तर काढता येत नाही. हा दुसरा अर्धा भाग जास्त महत्त्वाचा आहे. एखादं स्टँडर्ड १४.६ टक्क्यांवर उभं असतं, ते काढलं तर क्यूसी, म्हणजे माहीत मात्रेचे पडताळणी-नमुने, अलगद आत येतात, हे अनुभवी डोळ्याला दिसतं. दिसलं तरी हात लावायचा नाही. क्यूसी हे कर्व्हची परीक्षा घ्यायला ठेवलेले असतात. त्यांना पास करण्यासाठी कर्व्ह वाकवला तर परीक्षाच उरत नाही. रेषेचं वजन, म्हणजे एक भागिले एक्स की एक भागिले एक्स वर्ग, हेही व्हॅलिडेशनमध्ये ठरतं. रन फसला म्हणून त्या रात्री ते बदलायचं नाही.

एक उदाहरण सोडवून

स्टँडर्ड धरा १, २, ५, २०, ५०, १००, १६० आणि २०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. क्यूसी तीन पातळ्यांवर, प्रत्येकी दोन: ३, ८० आणि १५०.

मघाचं वीसचं स्टँडर्ड २४.६ आलं. काढा, रेषा बसवा, सातही आत आहेत का बघा. असतील तर पुढे जा. दोन्ही टोकं शाबूत आहेत, त्यामुळे मोजण्याचा पल्ला १ ते २०० तसाच राहतो. ही सोपी गोष्ट.

आता समजा वीसचं ठीक आहे, पण एकचं स्टँडर्ड १.२७ आलं, २७ टक्के जास्त. ते काढायचं. पण आता खालचं टोक गेलं. त्या रनपुरता एलएलओक्यू झाला २. आणि इथे एक खोच आहे: नव्या एलएलओक्यूला २० टक्क्यांची सवलत मिळत नाही, त्याची मूळची १५ टक्क्यांचीच अट राहते. रेषा पुन्हा बसवल्यावर ते २.२६ आलं तर १३ टक्के, पास. तीनचा क्यूसी अजून पल्ल्यात आहे, म्हणून रन वाचला. मात्र ज्या नमुन्यांचा आकडा दोनच्या खाली येईल, ते पुन्हा तपासावे लागतील. त्यांना 'आढळले नाही' असं लिहिता येत नाही. औषध शरीरातून उतरणीला लागल्यावरचे शेवटचे तास याच खालच्या पट्ट्यात येतात. तेच आकडे हरवले तर अर्धआयुष्याचं गणितच कोलमडतं.

तेच दोनचं स्टँडर्ड २.३६ आलं तर? १८ टक्के. आता ते सर्वांत खालचं आहे, वीसच्या आत आहे, म्हणून सोडून द्यावंसं वाटतं. सोडायचं नाही; तेही जातं. सहा उरली, ७५ टक्के भरले, कागदावर दोन्ही अटी पूर्ण. पण कर्व्ह आता पाचपासून सुरू होतो आणि खालचा क्यूसी आहे तीनचा. सुधारलेल्या पल्ल्यात खालचा, मधला, वरचा असे तिन्ही क्यूसी बसले पाहिजेत. तीन बसत नाही. रन गेला. गणित जमलं आणि तरी रन गेला, हे पचवायला जड जातं, पण दुसरा रस्ता नाही. अनेक लॅबच्या एसओपीत, म्हणजे कामाच्या लेखी पद्धतीत, लागोपाठची दोन स्टँडर्ड काढू नयेत असंही लिहिलेलं असतं. त्यामागचं कारण हेच की मधे खिंडार पडलं की रेषा तिथून खरोखर जाते की नाही, हे कुणी सांगू शकत नाही.

वरच्या टोकाचं सोपं आहे. दोनशे गेलं, १६० राहिलं, १५० चा क्यूसी झाकला गेला. १६० च्या वरचे नमुने पुन्हा करायचे. स्टँडर्ड दोन-दोन प्रतींत चालवली असतील आणि टोकाच्या दोनपैकी एकच प्रत नापास झाली असेल, तर पल्ला बदलत नाही, कारण त्या पातळीचं निम्मं शाबूत आहे.

क्यूसीचा हिशेब याच्यानंतर: एकूण दोन-तृतीयांश आत हवेत आणि प्रत्येक पातळीवर किमान निम्मे. सहापैकी चार पास, पण नापास झालेले दोन्ही एकाच पातळीचे, तर रन नापास.

एक बारीक गोष्ट. १५.०४ टक्के हे पास की नापास? एका दशांशावर आणलं तर १५.०, न आणता बघितलं तर हद्दीबाहेर. याचं उत्तर तुमच्या एसओपीत असायला हवं आणि ते रनच्या आधी माहीत असायला हवं. स्टँडर्ड एकेक करून काढायची की सगळी नापास एकदम, आधी कोणतं, सही कुणाची, हेही तसंच. एक काढल्यावर बाकीच्यांचे आकडे हलतात. विशेषतः एक भागिले एक्स वर्ग हे वजन असेल तर खालच्या स्टँडर्डचा रेषेवर फार दाब असतो आणि तिथला एक वाईट बिंदू वरच्या चांगल्यांनाही तिरपं करतो. त्यामुळे काढण्याचा क्रम बदलला तर निकाल बदलू शकतो. आकडे बघितल्यावर क्रम ठरवणं म्हणजे निकाल निवडणं. नव्या नोकरीत पहिल्या आठवड्यात एसओपीची हीच पानं मागून वाचा. ती पानं नसतील किंवा गुळमुळीत असतील, तर वरिष्ठांना विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

फेल का गेलं, हे कर्व्हच सांगतो

नियमाने काढलं म्हणजे काम संपलं असं नाही. उद्याही तेच होऊ नये यासाठी कारण शोधावं लागतं आणि ते शोधताना आधी बिघाडाची ठेवण बघायची, मग यंत्र उघडायचं. आपल्याकडे उलटं करतात: आधी कॉलम बदलतात.

एकच बिंदू बाहेर, त्याच्या इंटर्नल स्टँडर्डचा पीक बाकीच्यांसारखाच, तर स्पाइक करताना चूक झाली असण्याची शक्यता मोठी. पिपेटचं टोक नीट बसलं नव्हतं, किंवा शेजारच्या नळीत दोनदा पडलं. शेजारचं स्टँडर्डही विरुद्ध बाजूला हललं असेल तर नळ्यांची अदलाबदल तपासा. इंटर्नल स्टँडर्डच निम्मा किंवा दुप्पट असेल तर तो टाकताना घोळ झाला. दोन्ही पीक सारख्याच प्रमाणात कमी असतील तर गुणोत्तर सहसा बिघडत नाही. तसं असूनही बिंदू बाहेर गेला असेल तर कारण दुसरीकडे शोधा.

खालची दोन-तीन स्टँडर्ड सगळी जास्तीच्या बाजूला झुकली असतील तर कॅरिओव्हर किंवा दूषितीकरण. वरच्या स्टँडर्डनंतर मारलेला ब्लँक उघडून बघा. त्यात औषधाचा पीक एलएलओक्यूच्या पीकच्या २० टक्क्यांहून मोठा असेल तर सुई, व्हॉल्व्ह, वॉश सॉल्व्हंट यांच्याकडे वळा. वरची स्टँडर्ड कमी दाखवत रेषा शेवटी वाकत असेल तर डिटेक्टर किंवा आयन सोर्स भरून गेला आहे. त्यावर उपाय म्हणून मधूनच वक्र समीकरण बसवायचं नाही. ते व्हॅलिडेशनचं काम.

सर्वांत फसवा प्रकार असा की कर्व्ह सुंदर आहे, सगळी स्टँडर्ड तीन टक्क्यांच्या आत, आणि सहाही क्यूसी १३ टक्के कमी. नियमाने रन पास आहे. पण सगळे एकाच बाजूला, एकाच मापाने झुकले आहेत. इथे स्टॉक द्रावणाकडे बोट जातं. एम-१० म्हणते की स्टँडर्ड आणि क्यूसी वेगवेगळ्या स्टॉकपासून बनवावेत, ते याचसाठी. एकाच स्टॉकमधून केले असते तर ही चूक दिसलीच नसती. मग दोन्ही वजनांच्या नोंदी काढा. शुद्धता धरली का, पाण्याचं प्रमाण वजा केलं का, औषध हायड्रोक्लोराइड क्षार असेल तर क्षाराचं वजन घेऊन बेसचा आकडा लिहिला का. क्षार आणि बेस यांतला गोंधळ मी पाहिलेल्या स्टॉकच्या चुकांत सर्वांत वरचा आहे.

विदर्भात याला उन्हाची जोड. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात, वीज गेली, एसी बंद, आणि मिथेनॉलमधला स्टॉक टेबलावर झाकण सैल ठेवून राहिला, की मिथेनॉल उडतं आणि द्रावण घट्ट होतं. त्यापासून बनवलेलं प्रत्येक स्टँडर्ड जास्त भरतं. मग क्यूसी आणि रुग्णाचे नमुने सगळे कमी वाचतात. फ्रीजरचा तापमान-लॉग बघताना फक्त आजचा दिवस बघू नका, स्टॉक बनवल्या दिवसापासून बघा.

पुन्हा इंजेक्ट करण्याविषयी

स्टँडर्ड नापास झालं म्हणून फक्त तेच स्टँडर्ड, किंवा अख्खा रन, कारण न सापडता पुन्हा इंजेक्ट करणं युरोपच्या आधीच्या मार्गदर्शिकेला मान्य नव्हतं आणि एम-१० लाही नाही. वीज गेली, पंपाचा दाब पडला, सुई अडकली, म्हणजे नोंदीत दिसेल असं कारण असेल तर रिइंजेक्शन चालतं, आणि तेही तयार नमुने तेवढा वेळ ऑटोसॅम्पलरमध्ये टिकतात हे व्हॅलिडेशनमध्ये दाखवलेलं असेल तरच. 'बहुधा इंजेक्शन नीट झालं नसावं' हे कारण होत नाही. दाबाचा आलेख काढा. नीट झालं नसेल तर त्यात दिसेलच.

पीक हाताने कापण्याबाबतही तेच. सॉफ्टवेअरने बेसलाइन चुकीची धरली असेल तर हाताने इंटिग्रेट करता येतं, पण मूळ आकडा, नवा आकडा, कारण आणि सही असं सगळं राहिलं पाहिजे, आणि तोच न्याय नमुन्यांनाही लावला पाहिजे. ऑडिट ट्रेल बंद ठेवून केलेलं इंटिग्रेशन कितीही रास्त असलं तरी तपासनीसाच्या लेखी ते नाहीच.

हे इतकं ताणून का सांगतोय? सेटेरो रिसर्च या अमेरिकी कंपनीला २०११ मध्ये एफडीएने कळवलं की २००५ ते २०१० या काळातल्या तिच्या ह्यूस्टनमधल्या बायोॲनालिटिकल कामावर विसंबता येत नाही. खरा रन सुरू होण्याआधी 'तयारी' म्हणून चालवलेली इंजेक्शनं अहवालात नव्हती, हा त्यातला एक आक्षेप. औषध कंपन्यांना जुने अभ्यास पुन्हा तपासावे किंवा करावे लागले. आपल्या घराजवळचं उदाहरण पुण्याचं. सिनॅप्स लॅब्ज या संस्थेची स्पेनच्या औषध नियामकाने तपासणी केली, अभ्यासांच्या आकडेवारीत विसंगती, कागदपत्रांत आणि संगणक व्यवस्थेत त्रुटी आढळल्या. डिसेंबर २०२३ मध्ये युरोपच्या औषध संस्थेने तिथे तपासलेल्या चारशेहून अधिक जेनेरिक औषधांपैकी बहुतेकांचे परवाने स्थगित करण्याची शिफारस केली, फेरपरीक्षणानंतर मार्च २०२४ मध्ये ती कायम राहिली. जून २०२४ मध्ये एफडीएनेही तिथले अभ्यास स्वीकारणार नसल्याचं सांगितलं. त्यात स्टँडर्डचा वाटा किती होता, हा माझा मुद्दा नाही. तपासनीस यंत्रापेक्षा नोंदी जास्त बारकाईने वाचतो, एवढंच यातून घ्यायचं. ज्याचं नाव त्या रनच्या खाली आहे त्याला वर्षांनंतरही प्रश्न येऊ शकतो, आणि उत्तर द्यायला तोवर वरिष्ठ दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.

गावातल्या लॅबमध्ये

आता उमरखेडच्या रस्त्यावरचं तपासणी केंद्र. एलसी-एमएस नाही, सेमी-ऑटो ॲनालायझर, फ्रीज, सेंट्रिफ्यूज. कर्व्ह आठ बिंदूंचा नाही, बहुधा एका कॅलिब्रेटरचा किंवा नुसत्या फॅक्टरचा. नियमांचं जाडजूड पुस्तक इथे नाही (एनएबीएल मान्यता घ्यायची असेल तर आयएसओ १५१८९ लागू होतं), पण फसण्याची जागा तीच.

क्रिएटिनिनचा कॅलिब्रेटर आज वेगळाच आला, कंट्रोल बाहेर गेला. सोपा मोह असा की कालच्या ओळखीच्या रुग्णाचा नमुना चालवायचा आणि त्याचा आकडा कालच्याशी जुळेपर्यंत फॅक्टर सरकवायचा. बाजार समितीतल्या काट्याला वैधमापन खात्याचा शिक्का लागतो; व्यापाऱ्याने कालच्या पोत्यावरून आजचा काटा जुळवला तर शेतकरी ऐकून घेईल का? रुग्णाला तर कळणारही नाही.

त्याऐवजी कुपी बघा. मुदत संपली का, आणि उघडल्यानंतरची मुदत संपली का. दुसरी तारीख कुपीवर हाताने लिहिलेली नसते म्हणून चुकते. सुका कॅलिब्रेटर विरघळवताना पाणी किती टाकलं, कोणत्या पिपेटने, किती वेळ ठेवला, हलवताना फेस केला का. पाच मिलिलिटर पाण्याऐवजी ४.७ पडलं तर कॅलिब्रेटर सहा टक्के घट्ट होतो आणि त्यावर मोजलेला प्रत्येक रुग्ण तेवढा कमी वाचतो. पिपेट तपासायला बाहेरचा माणूस बोलवायची वाट बघू नका. चांगला तराजू उपलब्ध असेल तर १००० मायक्रोलिटर पाणी दहा वेळा वजन करा. २५ अंशांना ते सुमारे ०.९९७ ग्रॅम भरलं पाहिजे. दहाही वजनं सारखीच पण कमी असतील तर पिपेट दुरुस्तीला जाते. वजनं वर-खाली नाचत असतील तर आधी स्वतःचा हात बघा.

कोलिनेस्टरेज इथे वेगळं सांगायला हवं, कारण फवारणीच्या दिवसांत ते मागितलं जातं. हे एन्झाइमचं काम मोजणं आहे: मिनिटाला शोषण किती बदललं ते बघायचं आणि फॅक्टरने गुणायचं. क्युव्हेट ३७ अंशांवर नसेल तर आकडा खोटा. विजेचा दाब खाली-वर होऊन हीटर नीट चालत नसेल तर सकाळचा आणि दुपारचा निकाल एका मापाचा नसतो. फॅक्टर किटच्या पत्रकातून घेताना नमुन्याचं माप तेच ठेवा. १००० मायक्रोलिटर रिएजंटमध्ये २० ऐवजी १० मायक्रोलिटर सीरम घेतलं तर फॅक्टर जवळजवळ दुप्पट होतो. काही किटमध्ये शोषण वाढतं, काहींत घटतं, म्हणून जुन्या किटची सेटिंग नव्या किटवर चालवायची नाही. आणि कॅलिब्रेशन बिनचूक असलं तरी डॉक्टरांना एक गोष्ट कळायला हवी. डायाफेंथियुरॉनसारखं कीटकनाशक कोलिनेस्टरेजला रोखत नाही, ते पेशीतल्या ऊर्जानिर्मितीवर घाव घालतं. तिथे आकडा नॉर्मल येऊनही रुग्ण अत्यवस्थ असू शकतो. फवारलेल्या औषधाचं डब्यावरचं नाव विचारून फॉर्मवर लिहून घेतलेलं बरं.

कॅलिब्रेटर किंवा कंट्रोल नापास झाला की त्या एका तपासणीचे रिपोर्ट थांबवा. बाकीच्या चालू ठेवायला हरकत नाही. नवी कुपी, नवी रिएजंट बाटली, यातलं एका वेळी एकच बदला, नाहीतर कशाने सुधारलं हे कळणार नाही. मग मागे जा. शेवटचा पास झालेला कंट्रोल कधीचा होता? काल सकाळचा असेल तर तेव्हापासून गेलेले त्या तपासणीचे सगळे रिपोर्ट संशयात आहेत. त्यांचे नमुने फ्रीजमध्ये असतील आणि अजून मुदतीत असतील तर पुन्हा चालवा. निकाल बदलला तर डॉक्टरांना फोन करा, दुरुस्त रिपोर्टवर 'दुरुस्त' असं लिहा आणि जुना फाडू नका. हे काम कुणाला आवडत नाही आणि म्हणूनच बहुतेक ठिकाणी ते होत नाही.

विषबाधेचा रुग्ण समोर असेल आणि यंत्र विश्वासाचं नसेल तर वेळ दुरुस्तीत घालवू नका. नमुना गारठवून नांदेडला किंवा यवतमाळला पाठवा. नागपूर-तुळजापूर महामार्ग दोन्हीकडे जातो. नळीवर रक्त काढल्याची वेळ, ॲट्रोपिन किंवा प्रालिडॉक्सिम दिलं असेल तर ती वेळ, आणि कीटकनाशकाचं नाव लिहा. प्रालिडॉक्सिम एन्झाइमला पुन्हा जागं करतं, त्यामुळे ते देण्याआधी काढलेला नमुना आणि नंतरचा नमुना यांचे आकडे वेगळे येतील. रजिस्टरमध्ये त्या दिवसाच्या पानावर कॅलिब्रेटरचा बॅच क्रमांक, आलेला आकडा, यायला हवा होता तो आकडा, किती वाजता तपासणी थांबवली आणि किती वाजता पुन्हा सुरू केली, हे पेनने लिहा. पेन्सिलने नको.